पायी चालणाऱ्यांचे अपघाती मृत्यू: चूक खरोखर त्यांचीच असते का?

मुंबई-पुण्यात लोक वाटेल तिथून रस्ता ओलांडतात, तेव्हा अपघात झाल्यास दोष त्यांचाच नाही का, असे आपण विचारले आहे. काही वेळा तो असतो. पण मी पुण्यात राहतो, ७४ वर्षांच्या आईबरोबर रोज चालतो आणि माझे स्पष्ट मत असे आहे की नियम पाळून चालण्याची सोयच आपण बहुतेक रस्त्यांवर ठेवलेली नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे रोज सुमारे नव्वद.

आता सिग्नलचा विचार करा. साडेतीन मीटरचा एक पदर धरला, तर सहापदरी रस्ता दुभाजक सोडून २१ मीटर भरतो. पादचाऱ्यांच्या दिव्याचा वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने साडेसतरा सेकंद पुरतात. गुडघे दुखत असल्यामुळे आई सेकंदाला जेमतेम ०.८ मीटर चालते. तिने नियम काटेकोरपणे पाळला, हिरवा दिवा लागताच पाऊल टाकले, तरी तो लाल होतो तेव्हा तिच्यापुढे पुरते दोन पदर शिल्लक असतात. अशा वेळी एखादा चालक तिला पाहून थांबतो, पण त्याच्या गाडीआड ती झाकली गेल्यामुळे शेजारच्या पदरातून येणाऱ्याला ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही.

त्यात वेगाची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार धडक देणाऱ्या मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो. म्हणूनच मोकळा, सरळ, रुंद रस्ता चालकाला सुरक्षित वाटत असला तरी चालणाऱ्यासाठी तोच सर्वांत घातक असतो.

पदपथावरून का चालत नाहीत, हा प्रश्नही नेहमी विचारला जातो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आमच्या भागातला पदपथ गुडघ्याला येईल इतका उंच आहे, प्रत्येक फाटकापाशी तुटतो आणि मध्येच विजेची पेटी आडवी येते. त्यामुळे दहा पावलांनी आई खाली उतरते आणि वाहनांच्या कडेने चालू लागते. पादचारी पुलाचा उपाय सुचवणाऱ्यांनी त्याच्या पायऱ्या एकदा तिच्याबरोबर चढून पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते.

पुण्यातल्याच जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले आहेत. तिथे ती माझा हात न धरता चालते, आणि तिथे तिला खाली रस्त्यावर उतरताना मी अजून पाहिलेले नाही.