एसी आणि शब्बाथशाळा

प्रश्न: सलाम पाळकसाहेब. मी जालन्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सासरच्या गावी दर रविवारी दुपारी तीनला मी शब्बाथशाळा, म्हणजे लेकरांचा बायबलचा वर्ग, घ्यायचे. बारा-पंधरा लेकरं यायची. यंदा मार्चात घरी एसी बसवला आणि तेव्हापासून जाणं सुटलं. सगळ्यांना ऊन सांगते. खरं तर गारव्यातून उठवत नाही. सुखाची ओढ लागणं हे पाप आहे का?
– एक भगिनी, जालना

उत्तर: ताई, सलाम. एसीला मी पाप म्हणणार नाही. तुमचं पत्र मी कूलरमध्ये बादली ओतून, त्याच्यापुढे बसून वाचलं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात गारव्याला नावं ठेवणारा एक तर संत असावा, नाही तर महाबळेश्वरचा.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या 13व्या अध्यायात अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट वेगळे झाले, तेव्हा लोटानं यार्देन नदीचं भरपूर पाण्याचं खोरं निवडलं. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्यानं तेच निवडलं असतं. पाण्याची ओढ अब्राहामालाही होती, त्याच्या मुलाला, इसहाकालाही. दोघांनी विहिरी खणल्याच की! पण चुलत्याच्या वाट्याला काय उरतं, हे लोटानं विचारल्याचं कुठं लिहिलेलं नाही. मला खुपतं ते एवढंच.

खुपतं, कारण मी स्वतः तसाच वागलोय. 2016च्या एप्रिलात मी लातुरात होतो. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या अंगणातल्या बोअरला मात्र अजून करंगळीएवढी धार होती. शेजारपाजारचे घागरी घेऊन येऊ लागले, पहाटे चारपासून कडी वाजायची. आठवडाभर सोसलं, मग झोपमोड नको म्हणून फाटकाला कुलूप घातलं. त्याच रविवारी चर्चमध्ये, येशूनं पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत हजारोंना जेवू घातलं त्यावर उपदेश केला; चांगला झाला, असं लोक म्हणाले. घरी आलो तर फाटक सताड उघडं, आणि किल्ली टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवलेली. बायको काही बोलली नाही. वरण वाढलं आणि मोटार चालू करायला गेली.

आता तुमचं. तीनलाच कशाला जाता? सकाळी साडेसातला वर्ग घ्या, उपासनेपर्यंत जालन्यात परत. आधी निरोप धाडा. लेकरांचीही सवय मोडली असेल, पहिल्या खेपेला चारच येतील. त्यातलं एखादं विचारेलच, "बाई, इतके दिवस कुठं होता?" तेव्हा ऊन सांगू नका. एसीचंच सांगा. हसतील ती.