‘तो नुसता दाराशी उभा होता’

प्रश्न (लांब पत्र थोडक्यात) : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे, सोळा पूर्ण. अकरा दिवसांपूर्वी मित्राच्या वाढदिवसासाठी वर्गातली मुलं-मुली गावाबाहेरच्या फार्महाउसवर गेली होती. बाकीच्या मुली लवकर निघाल्या, एक मागे राहिली. तिच्या कोल्ड्रिंकमध्ये दारू घातली होती, असं मुलगा आता सांगतो. तिला शुद्ध नव्हती. दोन मुलं तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिसऱ्याने खिडकीतून शूटिंग केलं. माझा मुलगा नुसता दाराशी उभा होता, त्याने काहीही केलं नाही. नंतर त्यानेच तिला स्कूटीवरून घरी सोडलं. त्या दिवसापासून ती कॉलेजला आलेली नाही. ग्रुपवर आलेला व्हिडिओ लगेच डिलीट झाला, पण याच्या गॅलरीत तो राहिला आहे. परवा रात्री त्याने रडत हे सगळं मला सांगितलं. यांचं म्हणणं, मुलीच्या घरचे गप्प आहेत तर आपण कशाला पुढे व्हायचं? ती मुलं याला धमकावतात की ‘तूपण तिथेच होतास’. त्यांचे पालक म्हणतात, सगळे मिळून एकच वकील करू. माझ्या मुलावर गुन्हा होईल का? व्हिडिओ तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का? सोमवारपासून त्याची परीक्षा आहे, ती झाल्यावर पोलिसांकडे गेलं तर चालेल का?

उत्तर : ताई, आधी व्हिडिओचं बोलते, कारण तिथे तुमचा हात कीपॅडवर आहे. पाठवू नका. मलाही नाही, नणंदेच्या ओळखीच्या इन्स्पेक्टरलाही नाही, ‘बघून घ्या आणि लगेच डिलीट करा’ असं म्हणून तर कुणालाच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीचा असा व्हिडिओ पुढे धाडणं हा आयटी कायद्याच्या कलम ६७-ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. ‘चांगल्या हेतूने पाठवला’ हे नंतर कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. आणि तुमचे यजमान म्हणतात तसा पुसूनही टाकू नका. घडलेल्या गुन्ह्याचा तो पुरावा आहे, आणि गुन्हेगाराला वाचवायला पुरावा नाहीसा करणं हाही गुन्हाच. मग नुसता जवळ ठेवून द्यायचा? तेही नाही. असं चित्रण जवळ असेल आणि ते ना नष्ट केलं ना कळवलं, तर पोक्सोचं, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १५ लागू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे कलम बरंच कडक करून सांगितलंय. तेव्हा मार्ग एकच : फोन जसाच्या तसा पोलिसांच्या हातात द्यायचा, पंचनामा करून घ्यायचा आणि पोच घ्यायची. तोवर फोन फ्लाइट मोडवर टाका आणि तुमच्या कपाटात ठेवा. मुलाच्या उशाशी नको.

आता तुमचा मूळ प्रश्न. मुलावर गुन्हा होईल का, असं तुम्ही तीनदा विचारलंय. स्वतःबद्दल एकदाही नाही. पण या घडीला मला काळजी तुमची जास्त वाटते.

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ म्हणतं, बालकावर लैंगिक गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्या प्रत्येकाने ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. शेजारी, मावशी, शिक्षक, डॉक्टर, स्कूटीवर सोडणारा मित्र, कुणीही. न कळवल्यास कलम २१ : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मात्र त्याच कलमात पोटकलम ३ आहे. कळवलं नाही म्हणून बालकाला ही शिक्षा होत नाही. तुमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, म्हणजे कायद्याने बालक. कळवण्याचं कर्तव्य त्याच्यावरही होतं, पण गप्प बसला म्हणून त्याला शिक्षा नाही. त्याचे अकरा दिवस माफ आहेत.

परवा रात्री त्याने तुम्हाला सांगितलं आणि ती माफी तिथेच संपली, कारण तुम्ही बालक नाही. त्याचे बाबा नाहीत. बाकीच्या मुलांचे जे पालक ‘एकच वकील करू’ म्हणतात, म्हणजे ज्यांना सगळं ठाऊक आहे, तेही नाहीत. ‘आम्हाला नुसतं ऐकीव माहीत’ हा बचाव कोर्टात मांडता येतो. वकील म्हणून पैसे घेऊन मीही तो मांडीन. पण प्रत्यक्ष पाहणाऱ्या पोटच्या मुलाने रडत सांगितलेलं, आणि वर फोनमध्ये व्हिडिओ, याला ऐकीव म्हणायला न्यायाधीश तयार होईल याची हमी मी देणार नाही. राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर असाच, कळूनही न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरवला आणि वेळेवर कळवणं का महत्त्वाचं, ते बजावून सांगितलं.

‘मुलीच्या घरचे गप्प आहेत’ याने तुमची सुटका होत नाही. पोक्सोत कळवायला पीडितेची किंवा तिच्या आईवडिलांची परवानगी लागत नाही. खरं सांगायचं तर हे कलम मला नेहमीच सुखाचं वाटत नाही. काही मुलींना तयार व्हायला वेळ हवा असतो आणि कायदा तो देत नाही. पण तुमच्या प्रकरणात दुसरी बाजू बघा. अकरा दिवसांत वैद्यकीय पुरावा बहुतेक गेलेला असतो. राहिलं काय? त्या मुलीचा शब्द, आणि तिला शुद्ध नव्हती म्हणजे तोही अर्धामुर्धा. तो व्हिडिओ. आणि तुमचा मुलगा. ती घरात गप्प आहे ती कदाचित याच समजुतीने, की आपल्या बाजूने बोलायला कुणी नाही.

एक गंमत सांगते, गंमत म्हणण्यासारखी नसली तरी. ती मुलगी अठरा पूर्ण असती तर पाहणाऱ्या त्रयस्थावर पोलिसांना कळवण्याचं असं बंधन आलंच नसतं. खून, दरोडा अशा गुन्ह्यांची माहिती नागरिकाने द्यायलाच हवी, अशी यादी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. त्या यादीत बलात्कार नाही. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये ऑक्टोबर २००९ मध्ये शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमाच्या रात्री शाळेच्याच आवारात एका सोळा वर्षांच्या मुलीवर सामूहिक अत्याचार झाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार वीसेकांनी तो पाहिला. नुसतं पाहणाऱ्यांवर गुन्हा लावता आला नाही, कारण तिथलं कळवण्याचं बंधन पीडित चौदाच्या आत असेल तरच लागू होतं. आपल्याकडे ती रेघ अठरावर आहे, आणि ही मुलगी रेघेच्या आत आहे.

आता तो दाराशी उभा होता, ते. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलंय. ‘नुसता’ हा तुमचा शब्द की त्याचा?

नुसतं उभं राहणं, थिजणं, घाबरून न अडवणं हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा नाही. सोडवायला गेलंच पाहिजे अशी सक्ती कायदा कुणा वाटसरूवरही करत नाही, सोळा वर्षांच्या पोरावर तर नाहीच. पण दारात उभं राहण्याचे दोन प्रकार असतात. एक, आत काय चाललंय हे कळून पाय उचलत नाहीत म्हणून. दुसरा, कुणीतरी म्हटलंय, ‘इथे थांब, कोण आलं तर आवाज दे’, म्हणून. पहिला साक्षीदार. दुसऱ्याला सरकारी वकील मदतनीस म्हणणार. पोक्सोच्या कलम १६-१७ प्रमाणे अपप्रेरणेला, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत देण्याला, मूळ गुन्ह्याचीच शिक्षा, आणि अनेकांनी मिळून केलेल्या अत्याचारात समान उद्देश दिसला तर ‘मी हात लावला नाही’ या बचावाला काही किंमत उरत नाही. तो हसला का, ‘शूट कर’ म्हणाला का, कोल्ड्रिंक कुणी ओतलं ते त्याला आधी माहीत होतं का, दाराला कडी बाहेरून होती की आतून, ती कुणी घातली. हे प्रश्न तुम्ही त्याला विचारू नका. वकिलाने विचारू दे, दार लावून, तुम्ही बाहेर बसलेल्या असताना. आईसमोर मुलं आईला सोसेल तेवढंच सांगतात.

म्हणून एकच वकील करायचा प्रस्ताव आजच्या आज नाकारा. त्या दोघांचं हित आणि तुमच्या मुलाचं हित एक नाही. उद्या बचावात ‘दारावर तोच होता’ हे वाक्य त्यांच्याच बाजूने येईल. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे बालकाला मोफत वकील मिळतो.

इथे गोड बोलणार नाही. वकिलाला त्याने जे सांगितलं ते दुसऱ्या प्रकारचं निघालं तर तो विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेला अठराखालचा मुलगा, ठरू शकतो. मग प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाईल. लॉकअप नाही, बेडी नाही. पण सोळा पूर्ण असल्याने आणि गुन्हा अतिगंभीर असल्याने, त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवावा का याची प्राथमिक तपासणी मंडळ करू शकतं. तशा वेळी काय बोलायचं आणि किती, हे वकील ठरवेल. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्याच्यावर कुणी करू शकत नाही. तरीही आपणहून आधी गेलेला, फोन स्वतः दिलेला, मुलीला घरी पोचवलेला मुलगा आणि तीन आठवड्यांनी व्हिडिओ बाहेर फुटल्यावर घरून उचलून आणलेला मुलगा, या दोघांकडे तपास अधिकारी एकाच नजरेने बघत नाही. (स्कूटी आणि लायसन्स हा विषय आज सोडून देते.)

पहिल्या प्रकारचा असेल, आणि पत्रावरून मला तसंच वाटतं, तर तो या खटल्यातला सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार आहे. त्याचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो, अधिकारी गणवेशात नको, तुम्ही शेजारी बसू शकता, रात्री ठाण्यात थांबवून घेता येत नाही. पोक्सोची कलमं २४ आणि २६. तिथे ‘बालक’ म्हटलंय, ‘पीडित’ नाही. ठाण्यात कुणी ‘ते फक्त मुलीसाठी असतं’ म्हणालं तर नम्रपणे एवढंच दाखवा. पुढे मॅजिस्ट्रेटसमोरही जबाब होईल. कोर्टात साक्ष असुरक्षित साक्षीदारांसाठीच्या, म्हणजे मुलं, पीडित अशांसाठीच्या, वेगळ्या खोलीत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, जिल्ह्याजिल्ह्यात अशी केंद्रं करायला सांगितली. आमच्याकडच्या खोलीत भिंतीवर हत्ती-ससे रंगवलेत. सोळा-सतरा वर्षांची मुलं ते बघून ओशाळतात, पण आरोपी समोर दिसत नाही हे त्यांना बरं वाटतं.

त्याला पढवू मात्र नका. उलटतपासणीत माझं पहिलंच वाक्य असतं, ‘आईने काय काय सांगायला सांगितलं?’ पढवलेला मुलगा तिथे आईकडे बघतो.

धमक्यांचे मेसेज ठेवा, त्यांचे स्क्रीनशॉट नकोत, मूळ फोनच. साक्ष फिरवायला धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. आणि ‘मिटवून घेऊ’ म्हणत कुणी घरी आलं तर चहा द्या आणि पाठवा. हा गुन्हा तडजोडीचा नाही. पोक्सोचा खटला आपसातल्या समझोत्यावर रद्द करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

मुलीच्या आईला जाऊन भेटावं का, असंही तुमच्या मनात असेल. भेटा, पण कळवल्यानंतर, आणि फक्त एवढं सांगायला की माझा मुलगा खरं सांगणार आहे. तुमच्या पत्रात तुम्ही तिचं पूर्ण नाव आणि गल्ली लिहिली होती. ती मी खोडली आहे. तुमच्या घरच्या ग्रुपवरही ती असेल तर काढा.

राहिली परीक्षा. कलम १९ मध्ये किती तासांत कळवायचं ते लिहिलेलं नाही, पण ‘पेपर होते’ हे कारण लिहून द्यावं लागेल असा दिवस तुमच्यावर येऊ नये. आज शुक्रवार. उद्या सकाळी वकील, दुपारी ठाणं. फार्महाउस दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असलं तरी जवळच्या ठाण्याला झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. माहिती देणाऱ्याच्या जागी नाव तुमचं द्या, मुलाचं नको. नोंद वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका आणि प्रत फुकट मिळते ती घेऊनच निघा. नोंद घ्यायला नकार देणारा अधिकारीही कलम २१ मध्येच बसतो. तसं झालं तर तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. सोबत फोन, त्याचा चार्जर, त्याचा पासवर्ड, मुलाचा जन्मदाखला. आणि त्याचे बाबा. ते गाडीत बसून राहिले तरी चालेल. सोमवारचा पेपर पहिलाच आहे ना? तो देईल.