हॅमर दिसला म्हणून लगेच खरेदी नको

भाऊ, जळगावच्या सराफ बाजारातला भाव ऐकून एमसीएक्स या वायदे बाजारात गोल्ड मिनी, म्हणजे सोन्याचा छोटा वायदा, घ्यायचं मनात असेल, तर आधी दिवसाची कॅन्डल, म्हणजे त्या दिवसाचा उघडता, बंद, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव दाखवणारी चार्टवरची दांडी, वाचायला शीक. पाच मिनिटांच्या चार्टवर हॅमर, म्हणजे हातोडीच्या आकाराच्या कॅन्डल, ढिगाने दिसतात, बहुतेक फुसके निघतात.

हॅमरला तेजीच्या इशाऱ्याचा अर्थ येतो तो घसरणीनंतरच. खालची शेपटी, म्हणजे बारीक रेघ, बॉडीच्या (उघडत्या आणि बंद भावामधल्या जाड भागाच्या) किमान दुप्पट हवी, वरची जवळजवळ नकोच. हाच आकार तेजीच्या टोकाला आला तर तो हँगिंग मॅन, म्हणजे मंदीचा इशारा. रंगाचं फार मनावर घेऊ नको. आणि कॅन्डल बंद होईपर्यंत थांब! अमेरिकेतले आर्थिक आकडे आपल्याकडे संध्याकाळी येतात. सातला दिसणारा हॅमर अकराला लांब लाल, म्हणजे घसरणीची, कॅन्डल झालेला असू शकतो.

दुसऱ्या दिवशीची कॅन्डल हॅमरच्या हायच्या (सर्वांत वरच्या भावाच्या) वर बंद झाली तरच घे. स्टॉपलॉस, म्हणजे ज्या भावाला तोटा घेऊन बाहेर पडायचं तो, हॅमरच्या लोच्या (सर्वांत खालच्या भावाच्या) जरा खाली. खरेदीचा भाव आणि स्टॉपलॉस यांतलं अंतर दहा ग्रॅममागे ६०० रुपये असेल, तर १०० ग्रॅमच्या लॉटला ६,००० रुपयांची जोखीम. ती पेलत नसेल तर सौदा सोड, स्टॉपलॉस वर ओढू नको. तो नेमका लागतो, सौदा तोट्यात बंद होतो आणि मग भाव वर जातो. नुसत्या डोजीवर, म्हणजे उघडता आणि बंद भाव जवळजवळ सारखा असलेल्या कॅन्डलवर, तर सौदा करूच नको.