टीकॅस म्हणतं 'वर', कंट्रोलर म्हणतो 'खाली'

प्रश्न : टक्कर टाळण्यासाठी टीकॅस (विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र) 'चढा' सांगतंय आणि एटीसी (जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजेच कंट्रोलर) 'उतरा' म्हणतंय, अशा वेळी वैमानिकाने कोणाचं ऐकायचं आणि नेमकं काय करायचं?
– प्रशिक्षणार्थी वैमानिक, नाशिक

उत्तर : टीकॅसचंच. दोन्ही विमानांतली टीकॅस यंत्रं ट्रान्सपॉन्डरवरून (विमानाची ओळख आणि उंची कळवणाऱ्या रेडिओ यंत्रावरून) आपसात ठरवतात, एकाने वर जायचं, दुसऱ्याने खाली. कंट्रोलरला यातलं काहीच कळत नाही, आणि त्याच्या रडारवरचं चित्र काही सेकंद मागे असतं. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर टुपोलेव्ह प्रवासी विमानाचं टीकॅस 'क्लाइम्ब' (चढा) सांगत असताना वैमानिक कंट्रोलरच्या सूचनेनुसार उतरत राहिले. समोरचं मालवाहू बोइंग ७५७ टीकॅसचं ऐकून उतरतच होतं. ७१ जणांचा जीव गेला.

टीकॅसचा 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' हा पहिला इशारा ऐकू आला की बाहेर बघा, स्क्रीन बघा, कंट्रोल्स हाती घ्यायची तयारी ठेवा. पण विमान हलवू नका. स्क्रीनवरची दिशा ढोबळ असते, तिच्या भरवशावर वळलात तर नवंच संकट ओढवेल.

'क्लाइम्ब' किंवा 'डिसेंड' (उतरा) आलं की पाच सेकंदांच्या आत प्रतिसाद हवा. ऑटोपायलट काढा (काही नव्या एअरबसमध्ये तो स्वतःच हे पार पाडतो) आणि व्हर्टिकल स्पीडचा (चढण्या-उतरण्याच्या वेगाचा) काटा लालमधून हिरव्यात जाईल एवढंच नाक उचला किंवा खाली करा. बहुतेकदा मिनिटाला १५०० फूट पुरतात. जोरात खेचायचा मोह आवरा, कारण वरच्या लेव्हलवर (विमानांना नेमून दिलेल्या उंचीवर) तिसरं विमान असू शकतं. 'इन्क्रीज' (वेग वाढवा) आलं किंवा दिशाच उलटली, तर मात्र अडीच सेकंदांतच हलायचं.

दुसऱ्या वैमानिकाने रेडिओवर फक्त 'टीकॅस आरए' म्हणायचं (आरए म्हणजे टक्कर टाळण्यासाठी टीकॅसने दिलेला आदेश). तरीही कंट्रोलरने उलट सूचना दिली, तर 'अनेबल (शक्य नाही), टीकॅस आरए'. 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' (धोका टळला) ऐकू आल्यावर मूळ क्लिअरन्सकडे (कंट्रोलरने आधी दिलेल्या सूचनेकडे) परता आणि तसं कळवा. स्टॉल (पंखांचा उचल देण्याचा जोर जाणं), विंडशिअर (वाऱ्यात अचानक बदल) आणि जमिनीजवळचा इशारा हे तिन्ही मात्र टीकॅसच्या आधी.

टीकॅसचा 'लेव्हल ऑफ' हा आदेश नीट लक्षात ठेवा. टीकॅसच्या जुन्या ७.० आवृत्तीत त्याजागी 'अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड' असायचं. म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग कमी करा. पण घाईत काही वैमानिक तो वाढवायचे, म्हणजे थेट धोक्याच्या दिशेने जायचे. म्हणून ७.१ मध्ये शब्दच बदलले. आता विमान सरळ आडवं करायचं, बस.

प्रश्न : लेव्हल गाठताना विनाकारण आरए येतो. टाळता येईल का?

उत्तर : बहुतेकदा येईल. ठरलेल्या उंचीच्या शेवटच्या १००० फुटांत चढण्या-उतरण्याचा वेग मिनिटाला १५०० फूट किंवा त्याहून कमी ठेवा. चढताना तुम्ही वरच्या विमानाच्या हजार फूट अलीकडे थांबणार आहात हे टीकॅसला माहीत नसतं. ते तुमचा सध्याचा वेग पुढे मोजतं आणि वरच्या विमानाशी गाठ पडेल असं धरून चालतं.