पाच-सहा हजारांत पूलसाठी जंप-ब्रेक क्यू कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय की पूल या टेबलावरच्या खेळात ब्रेकला, म्हणजे डावाच्या सुरुवातीला बॉलची रास फोडायलाही चालेल आणि जंपला, म्हणजे पांढरा बॉल आड आलेल्या बॉलवरून उडवायलाही चालेल असा एकच क्यू (खेळायची काठी) या बजेटमध्ये मिळतो का. मिळतो. माझ्याकडे आहे. खरं तर निम्माच आहे, ते पुढे येईल.

या दोन कामांच्या गरजा उलट्या आहेत. ब्रेकला अख्खा, ५८ इंची, १८ ते २० औंसांचा क्यू हवा. जंपला आखूड आणि हलका. पांढऱ्याला वरून खाली मारायचं, तो स्लेटवर (कापडाखालच्या दगडी पाटीवर) आपटून उसळणार, आणि तेवढ्यात टिप, म्हणजे क्यूचं टोक, त्याच्या वाटेतून बाजूला झालेली पाहिजे. जड क्यू तिथेच रेंगाळतो आणि उसळणारा बॉल पुन्हा दाबतो. म्हणून हे क्यू तीन तुकड्यांचे असतात. मागचा तुकडा फिरवून काढला की हातात चाळीस-बेचाळीस इंचांचा जंप क्यू उरतो. टिप चामड्याची नसते, फिनोलिकची असते. इलेक्ट्रिक पॅनलमधला हायलमचा पत्रा पाहिला असेल, त्याच जातीचा माल. बॉलला लागून लगेच सुटते, म्हणून ब्रेकलाही जोर वाया जात नाही.

मी माझा क्यू २०१२ मध्ये वापरलेला घेतला, साडेचार हजारांना. तेव्हा ठाण्यात आमचं ठरलेलं पार्लर होतं आणि मावसभाऊ रोजचा जोडीदार. तो मुळात स्नूकरवाला. स्नूकरमध्ये पांढरा दुसऱ्या बॉलवरून उडवला की फाऊल, त्यामुळे जंप क्यू बघूनच त्याचं तोंड वाकडं. म्हणाला, "जंप म्हणजे अभ्यास न केलेल्या पोराने केलेली कॉपी. कुशन शीक." म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर आपटून बॉल वळवायला शीक. आणि मग फिलिपिन्सचा पूलपटू एफ्रेन रेयेस. १९९५ साली अमेरिकेतल्या रीनोत अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध रेयेसने दोन कुशन घेऊन मारलेला तो शॉट त्याने मला किमान पन्नास वेळा दाखवला असेल. अरे, पण रेयेस एकच आहे! आपण ऑफिस सुटल्यावर दीड तास खेळणारी माणसं.

त्या वर्षी पार्लरच्या नाइन-बॉल (सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी मारायचं, नऊ घालेल तो जिंकला) स्पर्धेत सेमीफायनलला आम्ही दोघंच समोरासमोर. चार-चार बरोबरी, शेवटचा रॅक, म्हणजे डाव. टेबलावर आठ आणि नऊ नंबरचे बॉल उरलेले. आठ कोपऱ्याच्या खड्ड्याच्या तोंडाशी, आणि त्याच्या नि पांढऱ्याच्या मध्ये नऊ, पांढऱ्यापासून वीतभरावर. मी मागचा तुकडा काढला, क्यू डार्टसारखा धरला. भाऊ खुर्चीतून म्हणाला, "एक कुशन आहे बघ." मी बघितलंच नाही. मारला. पांढरा नऊवरून स्वच्छ गेला, आठ पडला, पार्लर ओरडलं, आणि पांढरा कुशनच्या माथ्यावर आपटून टेबलाबाहेर गेला तो थेट कोल्ड्रिंकच्या फ्रिजखाली. बॉल बाहेर म्हणजे फाऊल. आठ काही परत वर येत नाही. भावाला बॉल इन हँड, म्हणजे पांढरा हवा तिथे ठेवायची मुभा, आणि एकटा नऊ. तो तर शाळेतल्या पोरानेही घातला असता.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, श्रावणी सोमवारच्या जेवणात हाच विषय. त्याचं म्हणणं, कुशनवरून मारला असतास तर जिंकला असतास. माझं म्हणणं, कुशनवरून आठ नुसता शिवला असता, पडला नसता, आणि टेबल तुलाच मिळालं असतं. शॉट बरोबर होता, ताकद चुकली. मी जंपला ब्रेकचा हात लावला. कडक टिपला तेवढा जोर लागतच नाही, मनगटाचा झटका पुरतो. अडवणारा बॉल जवळ असेल तर क्यू जास्त उभा, लांब असेल तर आडवा. आणि बऱ्याचदा अख्खा बॉल अडवत नसतो, कडाच आड येते, मग सव्वादोन इंच उडवायची गरजच नसते. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर फायनल खेळलो असतो.

हां, तुमचा क्यू. ब्रँडमागे धावू नका. प्रेडेटर या महागड्या कंपनीच्या किमती बघून डोळे पांढरे होतील आणि तुमच्या बजेटमध्ये त्याचं नाव असलेलं काही मिळालं तर ते नकली समजा. दुकानात तुकडे सुटे करून एकेक डोळ्याला लावून सरळ आहे का बघा, मग जोडून बघा. मधला जॉइंट हलला किंवा ठोकल्यावर खुळखुळला तर तिथेच ठेवून या. टिपखालचं फेरूल (टोपण) स्वस्त प्लॅस्टिकचं असेल तर कडक टिपने ते महिन्याभरात तडकतं. शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा बारीक भाग, १३ मिलिमीटरच्या आसपास, ताठ. वजनाचं म्हणाल तर "एकवीस औंस घे, जोर येतो" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. हाताचा वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. वजनाचं तसं नाही. ज्या क्यूने हात मोकळा चालतो तो घ्या, माझं एकोणीसवर बसलं. टिप नवी असेल तर पॉलिश पेपरने जरा खरखरीत करा, नाहीतर चॉक धरत नाही आणि ऐन ब्रेकला सटकतो.

आणि कृपा करून स्नूकरच्या क्यूने पूलचा ब्रेक मारू नका. नऊ-दहा मिलिमीटरची टिप, वर पितळी फेरूल, आणि समोर त्याहून मोठे, जड बॉल. भावाने तेच केलं, वर्षभरात त्याचं फेरूल ढिलं झालं. मग काय, "ब्रेकपुरता दे रे." ज्या क्यूला आठ महिने शिव्या दिल्या, त्यानेच!

सांगायचं राहिलं: घेण्याआधी तुमच्या पार्लरच्या मालकाला विचारा. बऱ्याच ठिकाणी कापड खराब होतं म्हणून जंप मारू देत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही, पांढरे डाग पडतात. टेबल स्लेटचं नसेल तर बॉल नीट उसळणारच नाही. स्पर्धा खेळणार असाल तर क्यू चाळीस इंचांपेक्षा आखूड चालत नाही, आणि काही ठिकाणी फिनोलिक टिपलाही मनाई असते. जंप मारायची परवानगीच नसेल तर तीन तुकड्यांवर पैसे घालू नका, पार्लरमधला एखादा जुना ताठ क्यू मागून घ्या, त्याला कडक टिप बसवा, ब्रेकचं काम झालं.

आता निम्म्या क्यूचं. भाऊ गेल्या वर्षी नाशिकला गेला. जाताना "ब्रेकपुरता" म्हणून क्यूची बॅग उचलून घेऊन गेला, उघडून न बघता. आदल्या रात्री मी घरी जंपची पकड करून बघत होतो, त्यामुळे मागचा तुकडा माझ्या कपाटात राहिला. म्हणजे सध्या त्याच्याकडे आहे तो निव्वळ जंप क्यू. दर पंधरा दिवसांनी फोन येतो, मागचा तुकडा कुरिअर कर. मी म्हणतो, आधी कबूल कर की शॉट बरोबर होता.