गेल्या वर्षीचा नफा या वर्षीच्या रिपोर्टमध्ये कमी कसा झाला? घोटाळा आहे का?

नाही हो, लगेच शेअर विकायला धावू नका. तुम्ही म्हणताय गेल्या रिपोर्टात नफा ४२ कोटी होता, आता त्याच वर्षाच्या रकान्यात ३९ आणि वर 'रिस्टेटेड', म्हणजे मागचा आकडा नव्याने मांडलेला. मी महाप्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, रोज ठाण्याहून घणसोली आणि पुढे रिक्षा, त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या खाण्यातला.

आधी रिपोर्टातल्या नोट्स (आकड्यांच्या खुलाशाच्या टिपा) उघडा, कारण तिथे लिहावंच लागतं. ग्रुपमधलीच कंपनी आत मर्ज केली असेल तर जणू आधीपासून एकत्रच होतो असं धरून मागचे आकडे बदलतात, त्यात काही वावगं नाही. पण 'एरर' लिहिलं असेल तर नीट वाचा. हिशोबाच्या नियमांपैकी इंड एएस ८ प्रमाणे मागची मोठी चूक सापडली की ती यंदाच्या नफ्यात गुपचूप ढकलता येत नाही, मागचं वर्षच दुरुस्त करून दाखवायचं (जुन्या एएस ५ वर असलेल्या छोट्या कंपन्या मात्र ती यंदाच्याच पी अँड एलला, म्हणजे नफा-तोट्याच्या पत्रकात, वेगळी दाखवतात). आणि मशीनचं आयुष्य १० चं ८ वर्षं धरलं, तर तो नुसता अंदाज बदलला, त्याने मागचं वर्ष हलत नाही. कोणी त्या नावाखाली मागचा नफा हलवला असेल तर मात्र शंका घ्या.

खरं सांगू, मला भीती वाटते ती 'रिस्टेटेड' न लिहिलेल्या आकड्यांची. १ एप्रिल २०१९ पासून लीजचं (भाडेकराराचं) इंड एएस ११६ आलं, म्हणजे पुढचं भाडं कर्जासारखं दाखवायचं, तेव्हा दोन रस्ते होते, मागचं वर्ष पण नव्याने मांडा नाहीतर सगळा फरक सुरुवातीच्या शिल्लकेत टाका आणि मागच्याला हातच लावू नका. आम्ही दुसरा घेतला, काम कमी ना. मग २०१८-१९ ला गोडाऊनचं भाडं खर्चात आणि २०१९-२० ला तेच भाडं घसारा आणि व्याज होऊन खाली गेलं, एबिटा (व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीचा नफा) टुणकन वर, साहेब खूश, धंदा होता तेवढाच!

त्यात भिवंडीच्या गाळ्याचं ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, आम्ही म्हटलं १२ महिन्यांच्या आतलं लीज या नियमातून सुटतं. ऑडिटर म्हणाला, सहा वर्षं तिथेच आहात, आत रॅक ठोकलेत, सोडणार आहात का? दोन रात्री बसून तो गाळापण कर्जाच्या बाजूला चढवला.

तुमच्या कंपनीच्या नोटमध्ये मर्जर लिहिलंय का एरर, तेवढं बघून सांगा.