कासवं मोजण्याआधी गवत मोज

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. लक्षद्वीपची हिरवी कासवं हा विषय घेतलास याचा मनापासून आनंद झाला. पण अख्ख्या आराखड्यात समुद्री गवताला एकच ओळ मिळाली आहे, आणि तीही 'कासवांचे खाद्य' एवढीच. आधी ते बदल. कासवं कुणालाही दिसतात, होडीतूनही मोजता येतात. लगूनमध्ये, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळांच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, खरोखर काय चाललंय ते गवत सांगतं.

लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाचं उदाहरण नीट समजून घे. 2000 नंतरच्या दशकात तिथल्या लगूनमध्ये हिरव्या कासवांची दाटी झाली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली होती, त्यामुळे संख्या वाढली ही चांगलीच बातमी होती. मच्छीमार मात्र वैतागले होते. कासवं जाळी फाडतात, शिवाय त्यांच्यामुळे मासा कमी झाला, असं ते सांगू लागले. जाळ्यांचं कुणालाही पटेल. पण गवत खाणाऱ्या प्राण्यामुळे मासा कसा कमी होईल? दुसरं कुणी असतं तर ही तक्रार हसण्यावारी नेली असती. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर, तेरेसा अल्कोव्हेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली.

त्यांनी पाण्याखाली गवताच्या काही तुकड्यांना कुंपण घालून कासवांना बाहेर ठेवलं. आतलं गवत वाढलं. बाहेरचं आखूड आणि विरळ राहिलं, त्याला फुलंही कमी येऊ लागली. गायरानावर जनावरं बेसुमार झाली की जे होतं, तेच इथे झालं. आखूड गवतात लपायला जागा नाही, म्हणून त्याच्या आसऱ्याने राहणारे मासे घटले. मच्छीमारांच्या बोलण्यात तथ्य होतं. पुढे अगत्तीचं गवत संपत आलं तशी कासवं दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे वळली, आणि तिथेही तेच घडत गेलं. एकामागून एक लगूनमधली गवताची कुरणं नावापुरती उरल्याचं याच गटाने 2021 मध्ये मांडलं. कायद्याने वाचवलेला प्राणी आणि त्याच्या चरण्याने संपत चाललेली वनस्पती, यात तू कुणाची बाजू घेणार? मला वाटतं, संशोधकाने इथे घाईने बाजू घेऊच नये. तुझ्या आराखड्यात मात्र हा पेच उघडपणे यायला हवा.

आता प्रत्यक्ष कामाचं. समुद्री गवताला शेवाळ म्हणू नकोस. त्याला मूळ, खोड, फूल, बी सगळं असतं. पहिले काही दिवस कासवांकडे बघूही नकोस, फक्त पानं ओळखायला शीक. थॅलेशिया हेम्प्रिचीचं पान रुंद आणि किंचित कोयत्यासारखं वाकलेलं असतं. भिंगाखाली त्यावर तपकिरी बारीक रेघा दिसतात. सायमोडोसिया रोटुंडाटाचं पान अरुंद, टोक गोलसर. मग पान कुणी खाल्लंय ते बघ. पोपटमासा कडेला अर्धचंद्राकृती चावा घेतो. कासव पानाचा वरचा भाग सरळ तोडून नेतं आणि खाली नुसतं खुंट उरतं. कासवांची गर्दी फार झाली की ती वाळूतलं खोडही उकरून खातात. खोडच गेलं तर गवत पुन्हा फुटणार कुठून? म्हणून तळावर ठरावीक मापाची चौकट टाकून तिच्या आतलं गवत मोजताना नुसते कोंब मोजून थांबू नकोस. उघडी पडलेली खोडंही नोंदव. वेळ, भरती-ओहोटी, खोली जागच्या जागी पाटीवर पेन्सिलीने लिही. किनाऱ्यावर आल्यावर आठवून लिहिलेल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

माणसांचं ऐकायलाही वेळ ठेव. तिथे काठी-गरीने कुपा (टुना मासा) धरतात आणि त्यासाठी लागणारे जिवंत आमिषाचे बारके मासे लगूनमधूनच पकडतात. लगूनमध्ये काय बदललं, हे त्या लोकांना कुठल्याही अहवालाच्या आधी कळतं. मिनिकॉय बेटाचे अली माणिकफान यांचं नाव ऐकलं असशील. औपचारिक शिक्षण जेमतेम, पण माशांची ओळख अशी पक्की, की केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका माशाच्या जातीला त्यांचं नाव दिलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असे जाणकार प्रत्येक बेटावर भेटतील. त्यांच्याकडून माहिती घेशील तेव्हा त्यांना विचारून शोधनिबंधात त्यांचं नाव घाल. तळटीपेतल्या आभारावर भागवू नकोस.

लक्षद्वीपचा प्रवेश परवाना आणि वन खात्याची संशोधनाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचे अर्ज एकदमच कर. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, त्यामुळे कुंपणाचा प्रयोग करायचा असेल तर तो अर्जात स्पष्ट लिही. पावसाळ्यात लगूनबाहेर काम होत नाही, आतही पाणी गढूळ असतं. तेव्हा ऑक्टोबर धरून वेळापत्रक आख. गवताचं प्रकरण लिहून झालं की तेवढंच आधी पाठव.

तुझे सर